वाटी मोजल्याशिवाय ताट कळत नाही : अन्न व पोषण प्रमाणपत्राच्या प्रकल्पाच्या नोंदी, लालबाग

१६ जून २०२४

गटात सहा जणी. सगळ्यांचं ध्येय एकच : अन्न व पोषण विषयाचं पायाभूत प्रमाणपत्र. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) या प्रमाणपत्राला औपचारिक शिक्षणाची अट नाही, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं मिळतात. त्यामुळे दहावी अर्धवट राहिलेल्या बाईलाही हा रस्ता मोकळा आहे. पुस्तकातले धडे घरी वाचायचे. हाताने करायचं काम मात्र दर रविवारी एकत्र, आणि त्याच्या नोंदी या वहीत.

प्रकल्प ठरला : चाळीतल्या एका चौघांच्या कुटुंबाचा आहार मोजणं, त्यातल्या उणिवा शोधणं आणि त्याच खर्चाच्या आसपास ताट सुधारणं. वहीत कुटुंबाचं नाव ‘क’. लक्ष घरातल्या बाईवर. वय ३६, वजन ५५ किलो, घरी बसून शिवणकाम.

संदर्भ दोन. गरजेचे आकडे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींतले, पदार्थांचे आकडे ‘भारतीय अन्नघटक तक्ते २०१७’ मधले. या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत. इंटरनेटवरची परदेशी ॲप वापरायची नाहीत. त्यांत ‘ब्रेड’ सापडतो, पण अळू सापडला तर नशीब.

२३ जून

आज फक्त भांडी मोजली. नवखा माणूस इथे घाई करतो आणि पुढचं सगळं गणित वाकडं होतं.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, क्षमता ५ किलो, अचूकता १ ग्रॅम. आधी तो तपासला : मोजपात्राने २०० मिली पाणी ओतलं, काट्याने २०० च्या आत-बाहेर एखादा ग्रॅम दाखवला, म्हणजे ठीक. काटा सपाट ओट्यावरच ठेवायचा. टेबलावर गादीदार कापड असेल तर आकडा स्थिर राहत नाही.

मग वाट्या. सहा घरांतून आणलेल्या सहा वाट्या काठोकाठ पाण्याने भरून तोलल्या. सगळ्यात लहान १३० मिली, सगळ्यात मोठी २१०. दोघी ‘एक वाटी वरण’ लिहितील आणि एकीचं वरण दुसरीच्या दीडपटीहून जास्त असेल. ‘क’ च्या घरची रोजची वाटी १५० मिली भरली. इथून पुढे वाटी म्हणजे हीच.

चहाचा चमचा ५ मिली, त्यात तेल साधारण ४.५ ग्रॅम. पळी प्रत्येक घरची वेगळी, म्हणून पळीने तेल ओतणाऱ्या घरात बाटली स्वयंपाकाआधी आणि नंतर तोलायची. हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग. पोळी : कणकेचा गोळा तोलून पाण्याचं वजन वजा केलं, तर ‘क’ च्या घरची एक पोळी ३० ग्रॅम पिठाची.

३० जून

कच्चं आणि शिजलेलं. तक्त्यांतले धान्य-डाळींचे आकडे कच्च्या पदार्थाचे असतात आणि खाणारा सांगतो शिजलेलं. मधला पूल आपण बांधायचा.

तांदूळ १०० ग्रॅम, कुकरमध्ये दुप्पट पाणी. शिजून झाला २८० ग्रॅम भात. एक वाटी भात न दाबता भरला तर ११२ ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम तांदूळ. दाबून भरला की हाच आकडा बराच वाढतो, म्हणून ‘वाढून घेतो तशी’ भरायची.

तूरडाळ १०० ग्रॅम, पातळ आमटी करून एकूण १ लिटर. म्हणजे वाटीभर आमटीत डाळ फक्त १५ ग्रॅम. गटात या आकड्यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी. मुंबईत दोन वेळा आमटी जेवणाऱ्या घराला वाटतं आपण डाळ भरपूर खातो. डाळ किती पडते हे पाणी ठरवतं.

भाज्यांचं वजन निवडून, सोलून, धुऊन झाल्यावर करायचं. मेथीच्या जुडीत देठ, माती आणि पावसाळ्यात पाणी धरून बराच भाग जातो. जुडीचं वजन लिहून उपयोग नाही.

११ जुलै

चोवीस तासांची आठवण-नोंद घेतली. ठरलं होतं ९ जुलैला, आदल्या दिवसाबद्दल विचारायचं. पण ८ जुलैच्या पहाटे मुंबईत मुसळधार कोसळलं, लोकल अडकल्या, शाळा बंद, घरात सगळे दिवसभर. भजी झाली, दुपारचं जेवण लांबलं. असा दिवस ‘नेहमीचा दिवस’ नाही आणि आठवण-नोंदीची पहिली अट तीच आहे. सण, आजारपण, पाहुणे, उपास, पगाराचा दिवस टाळायचा. म्हणून आज, गुरुवारी, बुधवारचं विचारलं.

विचारण्याची पद्धत : पहिल्या फेरीत नुसती यादी, मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्या फेरीत वेळ. तिसऱ्या फेरीत माप, समोर त्यांचीच वाटी ठेवून. चौथ्या फेरीत विसरलेलं : चहातली साखर, पोळीला लावलेलं तेल, लोणचं, मुलांच्या डब्यात उरलेलं खाल्लं का. ‘नाश्ता केला का?’ असं विचारलं तर ‘नाही’ येतं. ‘सकाळी उठल्यावर पहिलं तोंडात काय गेलं?’ असं विचारलं की चहा-पोळी बाहेर येते.

नोंद : सकाळी चहा आणि शिळी पोळी १. साडेदहाला चहा, कांदेपोहे (पोहे ४० ग्रॅम, शेंगदाणे १०). दुपारी पोळ्या ३, बटाट्याची भाजी (८० ग्रॅम), भात १ वाटी, आमटी १ वाटी. संध्याकाळी चहा, दोन बिस्किटं. रात्री भात २ वाट्या, आमटी १ वाटी, फ्लॉवरची भाजी (७० ग्रॅम). दर चहात दूध ५० मिली, साखर १० ग्रॅम. दिवसभराचं तेल तिच्या वाट्याला २५ ग्रॅम.

१४ जुलै

गणित. तिघींनी वेगवेगळं केलं आणि तीन उत्तरं आली.

पहिलीचं उत्तर ३३३९ किलोकॅलरी. जड अंगमेहनत करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाची शिफारस ३४७० आहे. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईचा आकडा त्याच्या जवळ गेला की तिथेच थांबायचं. चूक तीच, जिच्यासाठी ३० जूनचा अख्खा रविवार घातला होता : ३३६ ग्रॅम भाताला कच्च्या तांदळाचा आकडा लावला आणि ३०० मिली आमटीला कोरड्या डाळीचा. भातात ७६९ आणि आमटीत ८९४ किलोकॅलरी फुकटच्या आल्या.

दुसरीने तांदळाचा १४९१ हा आकडा तसाच घेतला. २०१७ च्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. ४.१८४ ने भागायचं, मग ३५६ किलोकॅलरी मिळतात. जुनी पुस्तकं किलोकॅलरीत असल्याने ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते.

तिसरीचं उत्तर तपासून पक्कं केलं :

ऊर्जा १६७६ किलोकॅलरी, शिफारस १६६०.
प्रथिने ४२ ग्रॅम, शिफारस ४६.
कॅल्शियम २७७ मिलिग्रॅम, शिफारस १०००.
लोह १०.४ मिलिग्रॅम, शिफारस २९.

पोट भरलेलं, ऊर्जा पुरेपूर, प्रथिनांत थोडीच तूट. पण कॅल्शियम पाव भागाच्या आसपास आणि लोह एक तृतीयांशाच्या जरा वर. ही बाई उपाशी नाही, तिच्या ताटात भात-पोळी सोडून फारसं काही नाही. असं कुपोषण काट्यावर उभं राहून दिसत नाही, म्हणून हा प्रकल्प.

एक खुलासा अहवालात द्यायलाच हवा. शिफारशीचा आकडा जवळजवळ सगळ्या निरोगी लोकांची गरज झाकेल एवढा मोठा धरतात. सरासरी गरजेचा आकडा वेगळा : बाईला लोह १५ मिलिग्रॅम, कॅल्शियम ८००, प्रथिने ३६ ग्रॅम. शिफारशीला न पोचणं म्हणजे आजारी असणं नव्हे. पण ‘क’ चं लोह आणि कॅल्शियम सरासरी गरजेच्याही खाली आहे, तेव्हा इथे शंकेला जागा नाही. प्रथिने सरासरीच्या वर आहेत. ‘प्रथिने कमी’ अशी ओरड अहवालात करायची नाही.

१७ जुलै, आषाढी एकादशी

गणिताचा सराव म्हणून उपासाचं ताट. साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचं कूट २५, बटाटा ५०, तूप १०. ऊर्जा ५१८ किलोकॅलरी, प्रथिने ६.८ ग्रॅम, त्यातली ५.९ एकट्या दाण्यांची. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट (स्टार्च), १०० ग्रॅममध्ये प्रथिने ०.२ ग्रॅम. राजगिऱ्यात १३ ग्रॅमच्या वर, वरईतही साबुदाण्याच्या कितीतरी पट. उपास मोडायला सांगायची गरज नाही. राजगिऱ्याचं थालीपीठ आणि ताक हेही उपासाचंच आहे.

२८ जुलै

बाजार. प्रथिनांचा आणि कॅल्शियमचा दर काढला. पद्धत : किलोचा भाव भागिले किलोतले प्रथिनांचे ग्रॅम. आजच्या आमच्या वहीतले भाव धरून १ ग्रॅम प्रथिनाला : सोयाबीनच्या वड्या २७ पैसे, मूग ५३, शेंगदाणे ५९, तूरडाळ ८३, अंडं १ रुपया ८ पैसे, गायीचं दूध १ रुपया ७५.

या यादीवरून ‘दूध महाग, बंद करा’ असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. दूध प्रथिनांसाठी नव्हे, कॅल्शियमसाठी घ्यायचं. १०० मिलिग्रॅम कॅल्शियमला नाचणी आणि तीळ पावणेदोन रुपयांच्या आसपास, दूध पाचाच्या आसपास. पण तिळातलं आणि नाचणीतलं कॅल्शियम फायटेट-ऑक्झलेट या कॅल्शियम अडवून ठेवणाऱ्या घटकांमुळे अंगाला कमी लागतं, दुधातलं चांगलं शोषलं जातं. म्हणून दोन्हीकडून थोडं थोडं.

सुकी मासळीही पाहिली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मासे खाणाऱ्या घरांत सुकट-बोंबील निघतात. ताजा बोंबील बहुतांश पाणी, वाळवला की १०० ग्रॅममध्ये प्रथिने साठ ग्रॅमच्या वर आणि काट्यासकट खाल्ला तर कॅल्शियमही भरपूर. अडचण मिठाची. खारवलेली सुकी मासळी दोनदा धुऊन, कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून, ते पाणी टाकून मगच कालवणात घालायची आणि वरून मीठ चाखून टाकायचं. ‘क’ च्या घरी मासे चालत नाहीत, त्यामुळे हा भाग अहवालात जोडपत्र म्हणून.

दादरला पावसाळी रानभाज्या आल्या आहेत : टाकळा, कुरडू, कंटोळी. घ्यायच्या तर विकणाऱ्या बाईला कशी शिजवायची ते विचारूनच. काही रानभाज्या उकळून पाणी टाकल्याशिवाय किंवा आंबट घातल्याशिवाय घशाला खाजतात.

४ ऑगस्ट

सुधारलेलं ताट शिजवून पाहिलं. बदल असे :

रात्रीचा दोन वाट्या भात काढला, त्या जागी ६० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी. बटाट्याऐवजी मेथी १०० ग्रॅम. फ्लॉवरऐवजी ३० ग्रॅम मुगाची मोड आलेली उसळ. दही १५० मिली दुधाचं. तिळाची चटणी १० ग्रॅम तिळांची. साखर निम्मी, बिस्किटं बंद. आमटी, पोहे, दुपारच्या पोळ्या आणि तेल होतं तसंच.

बेरीज : ऊर्जा १७००, प्रथिने ५४.६, कॅल्शियम १०७१, लोह २०.३.

कॅल्शियम चौपट, आणि ऊर्जा जवळपास जागच्या जागी. लोह दुप्पट झालं, सरासरी गरजेच्या वर गेलं, तरी २९ ला पोचलं नाही. धान्यप्रधान शाकाहारी जेवणात मासिक पाळी येणाऱ्या बाईला हा आकडा गाठणं खरोखर अवघड आहे. ‘मेथी खा, रक्त वाढेल’ एवढं सांगून सोडणं म्हणजे फसवणूक. आहारात दोन गोष्टी करता येतात : भाजीवर, उसळीवर लिंबू पिळणं (क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं) आणि चहा जेवणाच्या आधी-नंतर किमान तासभर लांब ठेवणं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, उकळत्या भाजीत नाही. याउपर हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं आणि गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचा.

स्वयंपाकात बिघडलेलं : पहिल्या तीन भाकऱ्या थापताना चिरल्या. नाचणीत गव्हासारखं ग्लूटेन (कणीक चिकट धरून ठेवणारं प्रथिन) नाही, गार पाण्याने पीठ बांधलं जात नाही. पाणी उकळून गॅस बंद केला, पीठ घातलं, झाकून पाच मिनिटं ठेवलं, मग गरम असतानाच मळलं. चौथी अखंड आली. पीठ जुनं असेल तर उकड काढूनही चिरते आणि कडवट लागते. महिनाभराचं एकदम दळून ठेवू नये, पावसाळ्यात तर नाहीच.

मेथी चिरून मग धुतली गेली. उलटं करायचं : आधी तीन पाण्यांत धुणं, निथळवणं, मग चिरणं. चिरल्यावर धुतलं की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालण्याची सवय एका घरात आहे. सोड्याने क जीवनसत्त्व आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) दोन्ही नष्ट होतात.

११ ऑगस्ट

मोड. श्रावण, हवा दमट, मुगाला दोनदा वास आला. कारण : रात्री दहाला भिजवले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाण्यातच. या हवेत सात-आठ तास पुरे, त्यापुढे मूग आंबू लागतात. पाणी काढून, पुन्हा धुऊन, ओलसर पण न टपकणाऱ्या फडक्यात सैल बांधायचे आणि चाळणीत ठेवायचे, खाली हवा लागेल असे. दर सहा-सात तासांनी धुवायचे. वीस तासांत अर्धा इंच मोड आले. बुळबुळीत लागले तर धुऊन वापरायचे नाहीत, टाकायचे. आणि पावसाळ्यात कच्चे मोड खायचे नाहीत. जी ऊब मोड आणते तीच जंतूही वाढवते. पाच-सात मिनिटं वाफवल्याने थोडं क जीवनसत्त्व जातं, ते लिंबाने भरून निघतं.

१८ ऑगस्ट

भेसळीच्या घरगुती चाचण्या, थोडक्यात. हळद : पेल्यातल्या पाण्यावर चमचाभर टाकून न हलवता ठेवायची. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, पाणी गडद पिवळं झालं तर रंगाचा संशय. चहापत्ती : ओल्या टिपकागदावर पसरून काढून टाकायची, कागदावर डाग उमटले तर रंग लावलेला. दुधातलं पिष्ट : आयोडीनचे दोन थेंब, निळं झालं तर पिष्ट. इथे चूक झाली. दूध उकळून गरमच असताना थेंब टाकले, मुद्दाम पिष्ट मिसळलेल्या नमुन्यातही निळा रंग दिसला नाही. आयोडीन-पिष्टाचा निळा रंग उष्णतेने जातो. दूध पूर्ण गार करून पुन्हा केलं, रंग आला. म्हणून प्रत्येक चाचणीत एक मुद्दाम भेसळ केलेला आणि एक खात्रीचा शुद्ध नमुना सोबत ठेवायचा. तो नसता तर चाचणी चुकली हे कळलंच नसतं.

या चाचण्यांनी संशय येतो, सिद्ध काही होत नाही. पाकिटावरचा एफएसएसएआयचा (भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण) १४ आकडी परवाना क्रमांक लिहून ठेवायचा.

१ सप्टेंबर

तेलाचा हिशेब, अहवालात घालायला. २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शक सूचनांतल्या २००० किलोकॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. चौघांचं महिन्याचं ३२४० ग्रॅम, म्हणजे साडेतीन लिटर. ‘क’ च्या घरी येतं पाच लिटर, तरी तिच्या वाट्याला मोजून २५ ग्रॅमच आले. फरक कुठे जातो ते शोधलं : रविवारची तळणं आणि मुलांच्या डब्यातल्या पुऱ्या. बाईचं ताट मोजून सगळ्या घराचा निष्कर्ष काढू नये, याचा हा पुरावा.

२२ सप्टेंबर

दुसरी आठवण-नोंद. ७ ते १७ सप्टेंबर गणपती, लालबागमध्ये त्या दिवसांत नेहमीचं जेवण शोधणं व्यर्थ, म्हणून शुक्रवार, २० तारखेचं विचारलं.

टिकलेलं : दही, तिळाची चटणी, चहा जेवणापासून लांब. न टिकलेलं : नाचणीची भाकरी (आठवड्यातून दोनदाच, रात्री उशिरा मशीनवरून उठल्यावर थापायला नको वाटते) आणि मेथी (निवडायला वेळ लागतो). भाकरी आणि मेथी दोन्ही नसलेल्या त्या दिवसाचं कॅल्शियम ५८२, लोह १२.

चूक आमच्या आखणीत होती. पौष्टिकतेचा हिशेब केला, तिच्या वेळेचा केला नाही. नवा बदल : गिरणीत ४ किलो गव्हात १ किलो नाचणी एकत्र दळायची. रोजच्या १२० ग्रॅम पिठात २४ ग्रॅम नाचणी येते, कॅल्शियम ८० ने वाढतं, वेगळं काही थापावं लागत नाही. लोहात मात्र याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. मेथीऐवजी लाल माठ किंवा शेवग्याचा पाला सुचवला : शेवगा ओरबाडून निघतो, निवडायला पाच मिनिटं, आणि आमटीतच टाकता येतो. पाच किलो दळण उद्या टाकायचं आहे. पोळी लाटताना कडा चिरल्या तर प्रमाण पाचास एक.